दोरीच्या पिना आणि हिवाळी पदक: एका पिनसेटरचं परीक्षण

टेनपिन बोलिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये यावं, ही मागणी दर चार वर्षांनी डोकं वर काढते. बर्फावरच्या स्पर्धा टीव्हीवर सुरू होतात, कर्लिंगचे, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याचे, सामने लोक तासन् तास बघतात आणि मग प्रश्न येतोच: कर्लिंग बंद हॉलमध्ये होतं, तिथेही एक जड गोल वस्तू नेमक्या जागी पोचवायची असते, मग बोलिंगनंच काय घोडं मारलंय? अलीकडे या मागणीला एका यंत्राचा टेकू मिळाला आहे. ते म्हणजे दोरीचं पिनसेटर: प्रत्येक पिनेच्या डोक्याला एक दोरी, आणि पडलेल्या पिना त्याच दोरीनं वर ओढून पुन्हा मांडणारी यंत्रणा. वजनाला हलकं, सुटे भाग कमी, वीज कमी. हे हाताशी असलं की बर्फाच्या हॉलमध्ये पंधरवड्यापुरत्या लेन टाकणं सोपं होईल, असं समर्थक सांगतात.

हे परीक्षण त्या यंत्राचं आहे. कुठल्या एका कंपनीचं मॉडेल इथे घेतलेलं नाही, कारण जे दोष महत्त्वाचे आहेत ते दोरीतूनच येतात आणि कमीअधिक प्रमाणात सगळीकडे सापडतात. कसोटी एकच ठेवली आहे: या यंत्रावर पदकाची स्पर्धा खेळवता येईल का, आणि ती हिवाळी स्पर्धा असावी का?

निकाल आधी सांगून टाकतो. कुटुंबांसाठीचं सेंटर, शाळा, सरावाची लेन यांसाठी हे यंत्र चांगलं आहे आणि ते बिनदिक्कत घ्यावं. पदकाच्या लेनवर ते नको. हिवाळी स्पर्धेचं म्हणाल तर बोलिंगची जागा तिथे नाहीच, आणि त्याला कारण यंत्र नसून लेनवरचं तेल आहे.

यंत्र काय करतं

मोकळ्या पिनांच्या जुन्या यंत्रात बरंच काही घडतं. बॉल मागच्या गादीवर आदळतो, रेक म्हणजे पिना लोटणारा आडवा दांडा खाली येतो, उभ्या राहिलेल्या पिना यंत्र मानेला धरून उचलतं, रेक पडलेल्या पिना मागे लोटतो आणि उचललेल्या पिना पुन्हा खाली ठेवल्या जातात. मागे लोटलेल्या पिना खड्ड्यातून वर चढतात, एकेक करून आपापल्या कप्प्यात जातात आणि पुढच्या मांडणीसाठी तयार राहतात. त्यामुळे एका लेनमागे दोन संच, म्हणजे किमान २० पिना सतत फिरत असतात. पट्टे, साखळ्या, गिअर, कप्पे यांचं हे जंजाळ चालू ठेवायला रोज हाताला ग्रीस लावून घेणारा मेकॅनिक लागतो.

दोरीच्या यंत्रात हे सगळं गळून पडतं. पिना फक्त १०. बॉल गेला की दहाही दोऱ्या वर ओढल्या जातात, पिना शंकूच्या आकाराच्या कप्प्यांत शिरून सरळ होतात, पडलेल्या कुठल्या हे सेन्सर किंवा कॅमेरा ठरवतो, आणि उभ्या होत्या तेवढ्याच परत खाली सोडल्या जातात. खड्ड्यात फक्त बॉल जातो. पिन अडकली, पिन उलटी बसली, कप्प्यात दोन पिना घुसल्या, असल्या रोजच्या तक्रारी संपतात. थोडं शिकवलं की काउंटरवरचा माणूसही बहुतेक बिघाड काढू शकतो. हा फायदा खरा आहे आणि त्याला कमी लेखू नये. मेकॅनिक मिळत नाही म्हणून सेंटर बंद पडण्यापेक्षा दोरीवर चालू राहिलेलं कधीही बरं.

कल्पनाही आजची नाही. युरोपातल्या नऊ पिनांच्या खेळात आणि कॅनडातल्या पाच पिनांच्या खेळात दोरी अनेक दशकं वापरात आहे. फरक असा की ते खेळ दोरीबरोबर वाढले. टेनपिन मोकळ्या पिनांवर वाढलं.

दोरी नेमकी कुठे आडवी येते

पिन ३८.१ सेंटीमीटर उंच, वजन सुमारे १.५ ते १.६५ किलो. दोन शेजारच्या पिनांच्या मध्यांमध्ये ३०.५ सेंटीमीटर अंतर. बॉलचा व्यास साधारण २१.६ सेंटीमीटर, वजन जास्तीत जास्त ७.२६ किलो. आता उजव्या हाताच्या खेळाडूचा एक चोख स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पडणं, डोळ्यांसमोर आणा. पिना त्रिकोणात असतात: सगळ्यात पुढे १ नंबर, शेवटच्या रांगेत डावीकडून ७ ते १०. बॉल १ आणि ३ नंबरच्या मधल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये शिरतो. तो स्वतः किती पिनांना लागतो? चारच: १, ३, ५ आणि ९. उरलेल्या सहा पिना पिनाच पाडतात. १ नंबरची २ ला, २ नंबरची ४ ला, ४ नंबरची ७ ला. दुसऱ्या बाजूला ३ नंबरची ६ ला आणि ६ नंबरची १० ला. मध्ये ५ नंबरची ८ ला.

म्हणजे स्ट्राइकमधलं अर्ध्याहून जास्त काम पिनांच्या उडण्यावर अवलंबून आहे, आणि दोरी बांधलेली असते ती नेमकी पिनेला.

सगळ्यात आधी मार बसतो तो १० नंबरच्या कोपऱ्याला. मोकळ्या पिनांवर ६ नंबरची पिन बाजूच्या भिंतीवर आपटून परत येते आणि १० ला आडवी करते, किंवा डावीकडची एखादी पिन डेकवरून, म्हणजे पिनांखालच्या जमिनीवरून, लोळत लोळत येऊन १० चे पाय कापते. या उशिरा येणाऱ्या पिनेला बोलर मेसेंजर म्हणतात, आणि तिची वाट बघत सगळा हॉल श्वास रोखून उभा असतो. दोरीवर ही पिन अर्ध्या वाटेत ताणली जाते. तिचा वेग मरतो, दिशा बदलते, कधी ती जागच्या जागी गिरकी घेऊन आडवी होते. आवाजातही फरक कळतो: मोकळ्या पिनांचा खणखणीत कडकडाट जाऊन दबका ठोका येतो.

उलटंही घडतं. पडणाऱ्या पिनेची दोरी शेजारच्या उभ्या पिनेच्या मानेला घासते आणि ती पिन कुणाचाही धक्का नसताना कलंडते. गुण खेळाडूला मिळतो, पण कमावला दोरीनं. विरंगुळ्याच्या खेळात कुणी याची दखल घेत नाही. शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे दहाव्या फेरीत, एका पिनेवर पदक अडलं असेल तर पंचांनी काय निर्णय द्यायचा?

तिसरा दोष कमी लोकांच्या लक्षात येतो. बॉलच्या धक्क्यानं एखादी पिन सरकते पण पडत नाही. नियमाप्रमाणे ती सरकलेल्या जागीच राहायला हवी, कारण पुढचा स्पेअर, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलनं पाडणं, तिथल्याच पिनेवर मारायचा असतो. मोकळ्या पिनांचं यंत्र ती आहे तिथून उचलून तिथेच ठेवतं. दोरीच्या अनेक यंत्रांत ती वर जाते, शंकूत शिरते आणि खाली येते ती थेट मूळ जागी. चार-पाच सेंटीमीटरचा फरक जोडीच्या पिनांचा स्पेअर सोपाही करतो किंवा पार बिघडवतो.

अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसनं २०२३ मध्ये दोरीच्या पिनांना मान्यता दिली, पण स्वतंत्र प्रकार म्हणून. दोरीवर स्ट्राइक लक्षणीय कमी पडतात हे तिच्या चाचण्यांत दिसलं होतं, म्हणून दोन्हींची सरासरी एकाच तागडीत टाकता येत नाही. आम्हाला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. दोरीला नावं न ठेवता वेगळी चूल मांडून दिली.

गुणांत याची किंमत काढता येते. ओळीनं १२ स्ट्राइक म्हणजे ३००. मधल्या एखाद्या फ्रेममध्ये १० नंबरची उभी राहिली, तिचा स्पेअर मारला आणि बाकी सगळे स्ट्राइक पडले, तर जुन्या गुणपद्धतीत धावसंख्या २७९ होते, म्हणजे २१ गुण गेले. जागतिक संघटनेनं प्रेक्षकांना समजायला सोपी म्हणून आणलेल्या पद्धतीत स्ट्राइकला सरळ ३० आणि स्पेअरला १० अधिक पहिल्या बॉलच्या पिना मिळतात. तिथे तीच चूक ३० च्या जागी १९ देते, म्हणजे ११ गुण जातात. नवी पद्धत टीव्हीसाठी खरंच चांगली आहे: कुठल्याही क्षणी कोण पुढे आहे हे नवख्यालाही दिसतं. तिचा एक तोटा मात्र डोळ्याआड करू नये. एकाआड एक स्ट्राइक आणि स्पेअर मारणाऱ्याला जुन्या हिशेबात २०० मिळतात, नव्यात, स्पेअरचे पहिले बॉल ९ धरले तर, २४५. ओळीनं स्ट्राइक मारण्याचं वजन कमी झालं.

बर्फाच्या हॉलमध्ये लेन टाकायची झाली तर

समर्थकांचा हा मुद्दा तपासून बघण्यासारखा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. आइस हॉकीचा मोठा रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो. बोलिंगला फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नसलेल्या रेषेपासून, १ नंबरच्या पिनेपर्यंत १८.२९ मीटर लागतात, रेषेच्या अलीकडे धावत यायचा अप्रोच किमान ४.५७ मीटर, मागे पिन डेक, खड्डा, यंत्र आणि मेकॅनिकला वावरायची जागा. सगळं मिळून २६ मीटर धरा. दोन लेन आणि मधला बॉल परत येण्याचा मार्ग यांची रुंदी साधारण साडेतीन मीटर. म्हणजे रिंकच्या रुंदीत ८ जोड्या, १६ लेन बसतात आणि अर्धी जमीन प्रेक्षकांना उरते. जागेचा प्रश्न नाहीच. अमेरिकेतली राष्ट्रीय खुली स्पर्धा कित्येकदा बोलिंग सेंटर सोडून मोठ्या सभागृहांत तात्पुरत्या लेन उभारून झाली आहे. २०१२ साली बॅटन रूजमध्ये झाली तशी. तिथे मोकळ्या पिनांचीच यंत्रं होती. तेव्हा ‘दोरी असेल तरच तात्पुरती लेन’ हे म्हणणं टिकत नाही.

अडचण जमिनीत आहे. लेनचा पृष्ठभाग समपातळीत किती हवा? उंचसखलपणा इंचाच्या ४० हजारांश भागांपेक्षा, म्हणजे साधारण १ मिलिमीटरपेक्षा, जास्त चालत नाही. त्यासाठी लेनखाली आधाराची चौकट घालतात, एकेका टेकूखाली पाचरी सरकवत, पातळी मोजत मोजत पुढे जातात. बर्फावर उष्णतारोधक फळ्या अंथरून त्यावर मैफली होतात, पण त्या फळ्यांवर ही पातळी टिकणार नाही. खालचा थंडावा वर येतो, हॉलमधली दमट हवा थंड पृष्ठभागाला लागून दवासारखी साचते, आणि अप्रोच ओलसर होतो.

ओलसर अप्रोच म्हणजे काय ते बोलरला विचारा. शेवटच्या पावलाला खेळाडू डाव्या बुटावर घसरत फाउल लाइनपर्यंत जातो. बुटाच्या मऊ तळाला पाण्याचा एक थेंब लागला की तो तळ घसरायचा थांबतो आणि जमिनीला चिकटतो. शरीर पुढे, पाय जागेवर, हातात सात किलो. गुडघा आणि मनगट दोन्ही जातात. म्हणूनच सेंटरमध्ये पेयाचा पेला अप्रोचवर आणू देत नाहीत. तेव्हा रिंकमध्ये लेन टाकायच्या तर बर्फ पूर्ण वितळवून, काँक्रीट कोरडं करून, हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास आणूनच टाकाव्या लागतील. बर्फ काढूनच जर खेळायचं, तर हॉल बर्फाचा असण्याचा फायदा काय राहिला?

बर्फावरच खेळवलं तर?

ऑलिम्पिक सनदेत हिवाळी खेळाची व्याख्या एका वाक्यात आहे: बर्फावर किंवा हिमावर खेळले जाणारे खेळच हिवाळी खेळ मानले जातात. थंडीच्या दिवसांत खेळला जातो, बंद हॉलमध्ये होतो, उत्तरेकडच्या देशांत लीग शरदात सुरू होऊन वसंतात संपतात, यातल्या कशालाच या वाक्यात जागा नाही. फिगर स्केटिंगची स्पर्धा १९०८ च्या लंडन आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये झाली होती, आइस हॉकीचीही १९२० मध्ये. १९२४ पासून हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या आणि हे खेळ तिकडे गेले. कारण ऋतू नव्हे, पायाखालचा बर्फ. २०३० च्या फ्रेंच आल्प्समधल्या स्पर्धेसाठी क्रॉस कंट्री धावणं आणि सायक्लोक्रॉस यांची चर्चा झाली, तीसुद्धा ते हिमावर घेण्याची.

मग लेन बर्फाची करून बघू. इथे खेळ मुळातच मोडतो, आणि कसा मोडतो ते समजून घेणं महत्त्वाचं आहे.

लेनवर तेल असतं. साधारण २० ते ३० मिलिलिटर, एवढ्याशा तेलाचा पातळ थर फाउल लाइनपासून सुमारे १२ मीटरपर्यंत पसरलेला; मधल्या फळ्यांवर जास्त, कडेला कमी. पुढचे साधारण ६ मीटर कोरडे. बॉल तेलावर घसरत जातो, फिरकी साठवून ठेवतो, कोरड्या भागात पोचताच त्याचा पृष्ठभाग लेनला पकडतो आणि तो पॉकेटकडे वळतो. चांगला स्ट्राइक हवा तर पॉकेटमध्ये शिरताना कोन ६ अंशांच्या आसपास लागतो. घसरण आणि पकड यांतला हा फरक म्हणजेच बोलिंग. विरंगुळ्याच्या लेनवर मध्यात कडेपेक्षा दहापट किंवा जास्त तेल घालतात, म्हणजे चुकलेला बॉलही वाटेवर येतो. स्पर्धेच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे तेलाच्या मांडणीत, हे प्रमाण बरंच कमी, साधारण ३ ला १ च्या आसपास असतं, आणि तिथे एका फळीची चूकही उघडी पडते. लेनची रुंदी ३९ फळ्या, एक फळी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर.

बर्फावर शेवटपर्यंत घसरणच आहे, पकड कुठेच नाही. बॉल सरळ जाणार. सरळ बॉल उजव्या कडेवरून टाकला तरी पॉकेटमध्ये शिरताना कोन १ अंशाच्या थोडा वर जातो, कारण लेन फक्त १.०५ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब आहे. एवढ्या उथळ कोनात शिरलेला बॉल १ आणि ३ नंबरला लागून उजवीकडे ढकलला जातो, ५ नंबरला पुरेसा भिडत नाही, आणि ५ नंबरची उभी राहते किंवा ८ आणि १० या दूरदूरच्या पिनाच उभ्या उरतात. खेळाडू कितीही मोठा असो, त्याची सारी कला तेल आणि कोरड्या लाकडाच्या सीमारेषेवर आहे. ती सीमारेषा काढून घेतली तर उरतो तो जत्रेतला खेळ.

बॉलही थंडीला तयार नाही. आतला गाभा आणि बाहेरचं रेझिनचं कवच थंडीत सारखं आकसत नाहीत, म्हणून थंड जागी राहिलेला बॉल अचानक ऊबेत आणला की कवचाला तडा जातो, बहुतेकदा बोटांच्या दोन भोकांमधल्या अरुंद पट्टीवर. बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका असं सांगतात ते यासाठीच. शिवाय थंड रेझिन कडक होतं आणि त्याची पकड कमी पडते.

कर्लिंगशी तुलना करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे, आणि ते मनापासून मान्य. दोन्ही खेळ पृष्ठभाग वाचण्याचे आहेत. कर्लिंगमध्ये बर्फावर पाण्याचे थेंब फवारून बारीक खडबड तयार करतात. १७ ते २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड त्या खडबडीवरून जातो, सामना पुढे सरकतो तशी ती झिजते आणि वाट बदलते. बोलिंगमध्ये बॉल तेल उचलून नेतो, काही पुढे पसरवतो, आणि तिसऱ्या गेमला पहिल्या गेमची वाट उरलेली नसते. पण कर्लिंगमध्ये हे प्रेक्षकाला दिसतं. झाडू चालतात, खेळाडू ओरडतात, दगड वळताना दिसतो. बोलिंगचं तेल अदृश्य आहे. सर्वोत्तम खेळाडू दोन फळ्या डावीकडे का सरकला, हे घरी बसलेल्याला कळत नाही, आणि मग त्याला वाटतं की तोच बॉल पुन्हा पुन्हा टाकताहेत. प्रक्षेपणासाठी निळं तेल वापरून बघितलं गेलं आहे. बोलिंगला पदकांच्या मंचावर न्यायचं असेल तर दोरीपेक्षा या निळ्या तेलावर पैसे घालावेत, असं आमचं ठाम मत आहे.

बर्फावर नेम धरून सरकवण्याचा आणखी एक खेळ हवाच असेल, तर आइसस्टॉक रांगेत आधीपासून उभा आहे. १९३६ आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून झाला आहे. त्याला डावलून बोलिंगला आत घेणं अन्यायाचं होईल.

दार आहे, पण ते दुसरीकडे आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये बोलिंग प्रदर्शनीय खेळ होता. पुरुषांत दक्षिण कोरियाचा क्वोन जोंग युल आणि महिलांत फिलिपिन्सची आरियान सेर्देन्या जिंकली. आशियाई खेळांत ते १९७८ मध्ये बँकॉकला आलं, १९८२ आणि १९९० सोडून २०१८ पर्यंत राहिलं आणि मग हांगझोऊच्या आशियाई खेळांच्या यादीतून गेलं. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत होतं. टोकियो ऑलिम्पिकसाठी २०१५ मध्ये आठ खेळांची निवडक यादी निघाली, तीत बोलिंग होतं. अंतिम पाचांत आलं नाही. हा सगळा प्रवास उन्हाळी बाजूचा आहे. बधिरांच्या हिवाळी जागतिक स्पर्धेत २०१९ पासून बुद्धिबळ आहे हे खरं, आणि संयोजकांनी ठरवलं तर अशा स्पर्धेत बोलिंगही घेता येईल. पण ऑलिम्पिकच्या सनदेतलं वाक्य बोलिंगसाठी बदलून घेण्यात ताकद घालवणं आम्हाला चुकीचं वाटतं. हांगझोऊत गमावलेली आशियाई खेळांतली जागा कायमची परत मिळवणं त्याहून कितीतरी मोलाचं आहे.

यंत्र घेणाऱ्यांसाठी

सेंटरसाठी किंवा सरावासाठी दोरीचं यंत्र बघायला जाल तेव्हा विक्रेत्याच्या हातचा खेळ बघून परतू नका. पिना मांडून घ्या, यंत्र बंद करायला लावा आणि डेकवर जाऊन एकेक पिन हातानं हलवा. उभ्या पिनेच्या डोक्यावरची दोरी सैल हवी. जराही ताण असेल तर पिनेचं वजन दोरीवर तोललं जातंय आणि ती पडायला हवी तेव्हा सावरली जाईल. मग ६ नंबरची पिन आडवी करून १० नंबरच्या पायाशी न्या, तशीच पलीकडे गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या खाचेत. तिथपर्यंत पोचण्याआधीच दोरी ताणली गेली तर त्या लेनवर कोपऱ्याची पिन कायम त्रास देणार. दोरी फार लांब केली तर पिना मोकळ्या उडतात, पण उडताना गिरक्या घेतात आणि दोऱ्या एकमेकींत पीळ घालतात. लांबी हा नेहमीच या दोन्हींमधला सौदा असतो.

गुंता होणारच. गुंता झाला की यंत्र पिना वरखाली झटकून तो सोडवतं. ५० वेळा पूर्ण मांडणी करून बघा, आणि त्यातही जड बॉल वेगानं टाकणारा माणूस सोबत न्या, कारण हळू बॉलवर गुंते कमी होतात आणि यंत्र असतं त्याहून गुणी दिसतं. किती वेळा गुंता झाला याहून किती वेळा माणसाला मागे जावं लागलं ते मोजा. नंतर एक पिन जागेवरून चार-पाच सेंटीमीटर सरकवून उभी ठेवा आणि यंत्र चालवा. ती कुठे परत आली, यावरून यंत्र सरावाच्या कामाचं आहे की फक्त विरंगुळ्याच्या, हे लगेच कळतं. शेवटी एक पिन शेजारच्या पिनेला टेकवून तिरकी उभी करा: कॅमेरा किंवा सेन्सर तिला उभी धरतो की पडलेली?

दोरी दोन जागी झिजते. पिनेच्या डोक्यातून बाहेर येते तिथे, आणि वरच्या कप्पीवर. पिनेपाशी तंतू पिंजून लव आल्यासारखे दिसले की ती तुटण्याची वाट न बघता बदलावी. नवी दोरी पहिल्या काही आठवड्यांत थोडी ताणून लांबते, म्हणून एकच दोरी बदलली तर त्या पिनेची लांबी बाकीच्यांशी जुळत नाही. शक्यतो लेनच्या दहाही दोऱ्या एकदम बदलाव्यात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजाव्यात.

मोकळ्या पिनांवर स्पर्धा खेळणाऱ्याला या लेनवर काय करता येईल? वेग, वळण, फाउल लाइनवरचा तोल आणि एकट्या पिनांचे स्पेअर यांचा सराव इथे उत्तम होतो, कारण १० नंबरची एकटी पिन बॉलनंच पाडायची असते आणि दोरी तिथे आड येत नाही. स्ट्राइकचा हिशेब मात्र इथे ठेवू नये. पॉकेटमध्ये नीट शिरलेले बॉल मोजावेत, पिना मोजू नयेत. आणि लेनला तेल कधी घातलं हे विचारावं. ज्या सेंटरनं मेकॅनिकचा खर्च वाचवायला हे यंत्र बसवलं, तिथे तेल घालणाऱ्या यंत्राकडेही दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. तेलाचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं दिसलं तर ते सेंटर सरावाला घ्या.